पिणे : सकर्मक आणि अकर्मक

मराठी व्याकरण शिकवताना ‘पिणे’ हे क्रियापद मी गेली कित्येक वर्षे सकर्मकांच्या यादीत लिहीत आलो आहे. पाणी पिणे, दूध पिणे, औषध पिणे : क्रिया आहे, कर्ता आहे, कर्मही आहे. परंतु ज्या घरात मी वाढलो त्या घरात या क्रियापदाचा एक अकर्मक उपयोगही होता, आणि मोठ्यांच्या बोलण्यात तोच अधिक ऐकू येई. ‘दादामामा पितात’, एवढेच वाक्य. काय पितात हे कोणी सांगत नसे आणि कोणी विचारतही नसे. कर्म गाळलेले असे, आणि ते गाळले म्हणूनच सगळ्यांना कळत असे.

या क्रियापदाचे आणखी एक वैशिष्ट्य विद्यार्थ्यांना सांगायला मला आवडते. ‘मी आंबा खाल्ला’ या वाक्यात क्रियापद आंब्याच्या मागे जाते. चिंच असेल तर ‘खाल्ली’, बोर असेल तर ‘खाल्ले’. ‘मी सरबत प्यालो’ या वाक्यात मात्र ते सरबताकडे ढुंकूनही पाहत नाही. कर्त्याला चिकटून राहते. सकर्मक असून भूतकाळात कर्तरी राहणाऱ्या मोजक्या क्रियापदांपैकी ते एक आहे. ‘खाल्लेला आंबा’ आपण म्हणतो, ‘खाल्लेला माणूस’ म्हटले तर वाघाची गोष्ट सुरू होते. ‘प्यालेला माणूस’ मात्र सरळ रस्त्यावर उभा असतो. वर्गात या ठिकाणी हशा पिकतो. मी त्या हशात सामील होतो खरा, पण दरवेळी माझ्या डोळ्यांपुढे देवळालीतील एक ओटा येतो आणि त्यावर बसलेले दादामामा येतात.

देवळाली कॅम्पला माझे आजोळ. १९८० नंतरच्या काही उन्हाळ्याच्या सुट्ट्या मी तेथे काढल्या. दादामामा नाशिक रोडला नोकरीला होते. संध्याकाळी सातपर्यंत घरी आले तर तो दिवस चांगला. सात वाजून गेले की मामी मुलांना लवकर जेवायला वाढी, आणि आम्ही पांघरुणात शिरून झोपेचे सोंग घेत असू. मारहाण, आरडाओरडा असे काही नव्हते. होती ती फक्त एक लांबलचक शांतता आणि स्वयंपाकघरातील मिणमिणता दिवा. १९९४ साली ते गेले तेव्हा त्यांचे वय पन्नाशीच्या आतले होते. डॉक्टरांनी यकृताचे नाव घेतले. घरात मात्र तेच वाक्य भूतकाळात गेले, ‘प्यायचे’.

हे सगळे आरंभीच सांगून टाकले, कारण यापुढे मी बीअरविषयी लिहिणार आहे आणि कौतुकाने लिहिणार आहे.

*

२०१० च्या सुमारास एका विद्यार्थ्याच्या आग्रहाने मी प्रथम मायक्रोब्रूअरी नावाच्या प्रकाराला भेट दिली. पुण्याच्या दक्षिण टोकाच्या एका हॉटेलात आदल्याच वर्षी ती सुरू झाली होती. राज्यातल्या अगदी पहिल्यांपैकी. दुकानात मिळणाऱ्या बाटलीपलीकडे बीअर असते हे तोवर मला ठाऊक नव्हते. मी गेलो तो कुतूहलाने आणि थांबलो तो पाटीपाशी. पाटीवर नाव होते ‘डूलाली’.

इंग्रजी बोलीत ‘डूलाली’ म्हणजे डोके फिरलेला, भ्रमिष्ट. हा शब्द देवळालीचाच अपभ्रंश आहे. ब्रिटिशांनी देवळालीला लष्करी छावणी वसवली. मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी परतण्यापूर्वी तेथे जहाजाची वाट पाहत थांबत. सैनिकांची जहाजे हिवाळ्याच्या हंगामातच सुटत. ज्याची वेळ चुकली तो पुढचे कित्येक महिने उन्हाळा, पावसाळा, हिवताप आणि रिकामपण यांच्या स्वाधीन. त्यात ज्यांचे डोके फिरे त्यांना ‘डूलाली टॅप’ झाला असे म्हणत. यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. पुढे ताप गळून पडला आणि नुसते गावाचे नाव वेडाचा पर्याय म्हणून इंग्रजीत राहिले. बीअरच्या नळालाही इंग्रजीत ‘टॅप’ म्हणतात, आणि या मंडळींनी पुढे मुंबईत ज्या जागा काढल्या त्यांना ‘टॅपरूम’ असे नाव दिले. गंमत करणाऱ्याने चांगली गंमत केली होती. मला मात्र त्या पाटीखाली उभे असताना ओटा आठवला. वाट पाहण्याच्या तापाचे गाव. मामी तेथेच रोज सातच्या पुढे वाट पाहत बसे.

आत गेल्यावर त्यांनी एका लाकडी फळीवर चार लहान ग्लास आणून ठेवले. पहिल्यात गढूळ पिवळसर बीअर होती, वर फेसाची जाड साय. ग्लास नाकाशी नेला आणि मी थबकलो. वास ओळखीचा होता. इतका ओळखीचा, की त्याचे नाव आठवेना. दुसऱ्या घोटाला आठवले आणि मी ओशाळलो. तो सत्यनारायणाच्या प्रसादाचा वास होता. पिकले केळे, गव्हाचा रवा, लवंग.

ती हेफेवाइझन नावाची जर्मन पद्धतीची गव्हाची बीअर होती. तिच्या धान्यात निम्मा किंवा त्याहून अधिक गहू असतो. केळे आणि लवंग मात्र तिच्यात कोणी घालत नाही. या बीअरचे खास यीस्ट साखर खाता खाता आयसोअमाइल ॲसिटेट तयार करते, आणि पिकलेल्या केळ्यातही तेच द्रव्य असते. लवंगेचा भासही तेच यीस्ट निर्माण करते. हे शास्त्र मी नंतर वाचले. त्या संध्याकाळी मला इतकेच कळले की माझ्या घरात ज्या क्रियापदाला कर्म नव्हते, त्याला कर्म असू शकते. आणि ते कर्म इतके तपशीलवार असू शकते की त्यात लवंग वेगळी काढता यावी.

*

दुसऱ्या दिवशी मी एक वही केली. पुढल्या दहा वर्षांत अशा चार वह्या भरल्या. नियम एकच : लिहायचे ते मराठीतच. बीअरच्या आस्वादाची परिभाषा इंग्रजीत तयार होती. ती देवनागरीत उतरवणे सोपे होते. पण उतरवलेल्या शब्दाने माझ्या जिभेवर काहीच घडत नसे. ‘सिट्रस’ म्हटले की मला पुस्तक आठवे. ‘मोसंबीची साल नखाने खरवडल्यावर’ असे लिहिले की तोंडाला पाणी सुटे.

आपल्या भाषेत शब्दांचा तुटवडा नाही हे तेव्हा लक्षात आले. खमंग आणि खरपूस यांत अंतर आहे. खरपूस आणि करपट यांत तर चांगलेच आहे. गडद तपकिरी पोर्टर खरपूस असते. तिच्याहून काळी स्टाउट बिघडली की करपट होते. आंबट वेगळे, आंबूस वेगळे, आंबलेले वेगळे. मिळमिळीत, पाणचट, उग्र, तुरट, कुबट, खवट : स्वयंपाकघरात हे सारे शब्द रोज वापरले जातात आणि त्यांना कोणी परिभाषा म्हणत नाही. बीअरमधले दोष ओळखायला शिकताना तर ते फारच उपयोगी पडले. यीस्टने काम अर्धवट सोडले की लोण्यासारखा ओशट वास राहतो. उकळी नीट बसली नाही तर उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास येतो. हवा लागून शिळी झालेली बीअर भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी लागते. माझ्या वहीत तिथे ‘जुलैतले दप्तर’ असे लिहिले आहे.

शब्दांचा इतिहासही या नादात चाळला गेला. आयुर्वेदाच्या सहा रसांत ‘कटु’ म्हणजे मिरीसारखे झोंबणारे, आणि ‘तिक्त’ म्हणजे कडुनिंबासारखे. मराठीत येताना ‘कटु’चे ‘कडू’ झाले आणि त्याने तिक्ताची जागा बळकावली; झोंबण्याचे काम ‘तीक्ष्ण’पासून आलेल्या ‘तिखट’कडे गेले. म्हणजे आपण कडू म्हणतो ते मुळात तिखट होते. एकेका चवीने आपले नाव शेजारणीला देऊन टाकावे, असा हा प्रकार.

साहित्याच्या विद्यार्थ्याला याहून अधिक टोचणारी गोष्ट निराळी आहे. आपली सगळी समीक्षा जिभेवर उभी आहे. रस, रसिक, आस्वाद, अभिरुची, चर्वणा. भरताने नाट्यशास्त्रात रस समजावून सांगताना दृष्टान्त घेतला तो खाण्यापिण्याचाच : नाना व्यंजने, औषधी आणि गुळासारखी द्रव्ये यांच्या संयोगाने जसा रस निष्पन्न होतो, तसा नाट्यात. अन्न चाखणारा सुमनस पुरुष हा रसिकाचा मूळ नमुना. कवितेविषयी बोलताना आपण जिभेची भाषा दोन हजार वर्षे वापरत आहोत. जिभेवर प्रत्यक्ष पडलेल्या पेयाविषयी बोलताना मात्र आपण ‘चढते’ आणि ‘चढत नाही’ या दोन क्रियापदांवर भागवतो. त्यांपैकी एकही चवीचे नाही.

*

एकदा बीअर बनते कशी ते पाहण्याची संधी मिळाली. सकाळची वेळ होती. मोठ्या स्टीलच्या पिंपात भरडलेले धान्य गरम पाण्यात ढवळले जात होते. झाकण उघडल्याबरोबर जी वाफ आली ती मला थेट आजीच्या स्वयंपाकघरात घेऊन गेली. माझ्या धाकट्या बहिणीसाठी आजी नाचणीचे सत्त्व करी. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, मोड आलेली नाचणी सावलीत वाळवायची, मंद आचेवर परतायची, दळायची. त्या पिठाची पेज लहान मुलाला पचते, कारण मोड येताना दाण्यात जी पाचक द्रव्ये जागी होतात ती पिठूळपणाचे साखरेत रूपांतर करू लागतात.

माल्ट म्हणजे दुसरे काही नाही. नाचणीच्या जागी जव, म्हणजे सातू. तो भिजवतात, चार-पाच दिवस मोड येऊ देतात, गरम हवेने वाळवतात. किती भाजायचा यावर बीअरचा रंग आणि खमंगपणा ठरतो. भरडलेला माल्ट साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवला की तेच रूपांतर पुरे होते आणि गोड काढा हाती येतो. तो गाळून, हॉप्स नावाच्या वेलीची फुले घालून तासभर उकळायचा, थंड करायचा आणि यीस्टच्या स्वाधीन करायचा. एल प्रकारची बीअर १८ ते २२ अंशांना काही दिवसांत आंबते. लागर ८ ते १२ अंशांत आठवडेच्या आठवडे घेते. आजीने पेज केली आणि ब्रूअरने बीअर केली. पहिल्या निम्म्या वाटेपर्यंत दोघे एकाच रस्त्याने चालले होते. आजी सोवळ्यातली होती. तिला हे सांगितले असते तर तिने काय केले असते, या विचाराने मला तेथे हसू आले. मग आठवले की तिचाच मुलगा दादामामा.

‘स्थानिक’ या शब्दाने मी या छंदात ओढला गेलो होतो, तेव्हा त्याचीही थोडी झडती घेणे आले. पुण्याच्या बीअरमधले हॉप्स पुण्याचे नसतात. हा वेल थंडीचा, भारतात तो हिमाचलातल्या लाहौलसारख्या खोऱ्यात होतो, आणि बहुतेक वेळा तर परदेशातूनच येतो. माल्टही बरेचदा बाहेरचा. मग स्थानिक काय? पाणी स्थानिक. बनवणाऱ्याची चूक स्थानिक. ताजेपणा स्थानिक, कारण ही बीअर टिकाऊ नसते, तिला लांबचा प्रवास मानवत नाही, आणि तिच्यापाशी आपणच जावे लागते. कोणी कोकम घालून आंबट-खारट बीअर करून पाहिली, कोणी आंबा घालून पाहिला. दर महिन्याला काही नवे. ज्याने बनवली तोच समोर येऊन ‘कशी वाटली’ असे विचारतो, आणि ‘लोणी लागते’ असे सांगितले तर त्याचा चेहरा पडतो. कविसंमेलनाखेरीज अशी जवळीक मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

या सगळ्यात माझे मन बसले ते कडूवर. इंडिया पेल एल, अर्थात आयपीए, ही बीअर खास हिंदुस्थानसाठी शोधली गेली, लांबच्या प्रवासात टिकावी म्हणून तिच्यात हॉप्स वाढवले, अशी कथा प्रत्येक बारमध्ये ऐकायला मिळते. तिच्यात तथ्य आहे ते इतकेच की लंडनच्या बो भागातला हॉजसन आपली फिकट बीअर कंपनीच्या जहाजांवरून इकडे पाठवी आणि पुढे बर्टनच्या उत्पादकांनी तो व्यापार हस्तगत केला. शोध वगैरे काही नव्हता; भरपूर हॉप्सची बीअर इंग्लंडात आधीपासून होती, आणि त्याच जहाजांतून काळी पोर्टरही सुखरूप येत होती. साहेबाला पेल एल आणि साध्या शिपायाला पोर्टर, अशी साधारण वाटणी. दंतकथेत शिपाई नाही. देवळालीत तापाने फणफणणारा तोच.

मराठी माणसाला कडूचे वावडे नाही. पाडव्याला आपण कडुनिंब खातो आणि कारल्याच्या काचऱ्या मागून घेतो. पहिला घोट नकोसा वाटणारी आयपीए तिसऱ्या घोटाला कारल्यासारखीच स्वच्छ वाटू लागते. कडू हे जिभेला शिकावे लागते. गोड कोणालाही आवडते. माझ्या वहीतली सर्वांत लांब नोंद एका आयपीएचीच आहे, सव्वा पान. त्या संध्याकाळी मी एकच ग्लास घेतला होता.

*

या छंदाला एक बाजू आहे ती मी वहीत लिहीत नसे. ज्या ग्लासाविषयी मी सव्वा पान लिहिले त्याच्या किमतीत दादामामांचे कित्येक दिवस भागले असते. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. मिथेनॉल होते ते. ते पिणाऱ्यांना ‘कशी लागते’ हा प्रश्न कोणी विचारला नसता. आपल्या राज्यात एखाद्या गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीच्या चित्रावर शिक्का मारला तर तेथले दारूचे दुकान बंद करण्याची तरतूद आहे. त्या बायकांना मी माझी वही दाखवू शकेन का? कायद्याचे नाव आजही दारूबंदी कायदाच आहे, आणि बारच्या पाटीवर ‘परमिट रूम’ असते. आपल्याकडे पिणे ही परवान्याने मिळालेली सूट आहे. आवड या सदरात ते कधी आलेच नाही.

साहित्यातही तसेच. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले आणि आपल्या मद्यविषयक कल्पनाशक्तीवर त्याने शंभर वर्षे राज्य केले. त्या नाटकाचा विषय दारूची चव नाही. सुधाकराचा पहिला प्याला आणि सिंधूचे मरण यांच्यामधला उतार हा आहे. तो असाच असायला हवा होता. माझ्या घराने ते नाटक पाहिले नसते तरी जगलेच असते. मला एवढेच वाटे की मी त्या नाटकाबाहेर आहे. तळीराम चव घेत नाही, मी घेतो. माझ्यापाशी वही आहे. वही हा माझा परवाना होता.

*

२०२० च्या टाळेबंदीत टॅपरूम बंद झाल्या. त्याच वर्षी पुढे ताजी बीअर मोठ्या बाटलीत, ज्याला ग्रोलर म्हणतात, भरून घरी नेण्याची परवानगी मिळाली. बनवणारे तगावेत म्हणून आपण विकत घ्यावी, हे कर्तव्य वाटले. पत्नी आजारी आईपाशी नागपूरला अडकली होती. मी दिवसभर पडद्यावरच्या काळ्या चौकोनांना व्याकरण शिकवत असे. संध्याकाळी ग्रोलर उघडत असे. एकदा उघडला की वायू निघून जातो, बीअर मरते. म्हणून लवकर संपवावा लागतो. हे शास्त्रीय सत्य आहे. मला ते फार सोयीचे वाटले.

त्या वर्षीच्या दिवाळीत कपाट आवरताना चौथी वही हाती आली. सहज उघडली. पहिल्या पानांवर परिच्छेद होते. मग चार ओळी. मग, ‘गव्हाची. केळे कमी. छान.’ त्यानंतर, ‘तीच. छान.’ पुढल्या पानावर तारीख आणि नुसते ‘छान’. शेवटच्या दोन पानांवर तारखा होत्या आणि त्यांपुढे आकडे. दोन. दोन. तीन. दोन. तीन.

मी खाली बसलो. अक्षर माझे होते. कुठल्या बीअरचे आकडे आहेत ते मला आठवेना. खरे तर त्या आकड्यांना बीअरची गरजच उरली नव्हती. कर्म गळून पडले होते. दहा वर्षे खपून मी या क्रियापदाला जे मिळवून दिले होते ते सहा महिन्यांत, एकही वाईट दिवस न येता, निसटले होते. दादामामांच्या आणि माझ्यामध्ये मी जी भिंत मानत होतो ती शब्दांची होती, आणि शब्द थकल्याबरोबर ती नव्हतीच. क्रियापद मात्र पहिल्यापासून कर्त्यालाच चिकटून होते. मीच ते वर्गात हसत हसत शिकवत होतो.

त्या दिवसापासून घरी बाटली आणणे बंद केले. हे फार मोठे व्रत नाही आणि त्याचा अभिमानही नाही.

*

२०२२ च्या हिवाळ्यात देवळालीला गेलो. मामी आता सत्तरीच्या पुढे आहे. ओटा तोच आहे. का कोण जाणे, जाताना मी वह्या बरोबर नेल्या होत्या. दुपारी चहा झाल्यावर तिच्यापुढे ठेवल्या आणि सगळे सांगितले. चौथ्या वहीचेही सांगितले. तिने चष्मा लावला आणि बराच वेळ पाने उलटली. प्रसादाच्या शिऱ्यापाशी ती किंचित हसली.

“हे सगळं तू चव घेऊन घेऊन लिहिलंस?”

“हो.”

“मला चव नाही माहीत. वास सगळे माहीत आहेत.”

मी गप्प राहिलो. ती ओट्याकडे पाहत बोलत होती, एखादी पाककृती सांगावी तशी.

“फाटकाची कडी वाजली की मी दारात जाऊन उभी राहायचे. संत्र्याची असली की गोडूस वास यायचा, गोळीसारखा. नुसती असली की रॉकेलसारखा उग्र, नाकात बसायचा. पगाराच्या दिवशीचा वास वेगळा, उसनवारीच्या दिवशीचा वेगळा. बडीशेप खाऊन आले की समजायचं, आज जास्त आहे. आणि शेवटच्या वर्षी वास कपड्यांना यायचाच नाही. घामाला यायचा. उशीला यायचा. उशीचे अभ्रे उकळत्या पाण्यात टाकले तरी जायचा नाही.”

दहा वर्षे मी शब्द गोळा करत होतो. या बाईने ते वीस वर्षे, इच्छा नसताना, अंधारात दाराशी उभे राहून गोळा केले होते, आणि तिला कोणी रसिक म्हटले नव्हते.

“मामा कधी म्हणायचे का, कशी लागते ते?” मी विचारले. आमच्या घराण्यात हा प्रश्न विचारला गेला तो प्रथमच असावा.

मामीने जरा वेळ आठवले. “नाही रे. तोंड वाकडं करायचे. नाक दाबून एका दमात संपवायचे, एरंडेल घ्यावं तसं.” मग वही मिटून माझ्याकडे देत ती म्हणाली, “आवडत नव्हती त्यांना ती. कधीच आवडली नाही.”

परतीच्या गाडीत मी वही काढली. तारीख घातली, ‘देवळाली’ लिहिले, आणि मामीचे शब्द तिच्याच क्रमाने उतरवून काढले : गोळीसारखा गोडूस, रॉकेलसारखा उग्र, बडीशेप, घाम, उशी. चार वह्यांत न प्यालेल्या पेयाची ती एकमेव नोंद आहे.

मी अजूनही अधूनमधून टॅपरूममध्ये जातो. लहान ग्लास मागतो. फार थंड असेल तर थोडा वेळ तसाच ठेवतो, कारण गारठ्यात वास उमलत नाही. मग लिहितो. लिहिण्यासारखे काही सुचले नाही तर पुढचा ग्लास मागवत नाही. बनवणारा तरुण येऊन विचारतो, “सर, कशी वाटली?” मी त्याला नीट, सावकाश, सगळे सांगतो.